मेंढपाळाची लेक

ह्या सदरातून वर्षभर आपण कधी मांजरांच्या, कधी गाईवासरांच्या, तर कधी वळचणीच्या चिमण्यांच्या गप्पा मारतो. दिवाळी अंकासाठी काय लिहावे, हा माझा दरवर्षीचा प्रश्न यंदा वाचकांनीच सोडवून टाकला. एकाच आशयाची तीन-चार पत्रे आली. "मुलांनी कॉली कुत्रा हवा म्हणून हट्ट धरला आहे. घ्यावा काय? स्वभावाने कसा? आपल्या हवेत निभाव लागेल काय?"

वाचकहो, ह्या प्रश्नांची उत्तरे देण्याचा थोडासा अधिकार मला आहे. तो पुस्तके वाचून आलेला नाही, एका चुकीतून आला आहे. चूक माझी स्वतःची होती आणि तिची किंमत मात्र दुसरेच कोणी मोजीत होते. ती हकीकत सांगितल्याशिवाय ह्या पत्रांना खरे उत्तर देता येणार नाही.

आमच्या घरी कॉली आली ती हौसेने नव्हे. धाकटा चिरंजीव पुण्यास नोकरीला होता. तेथे त्याने एक पिल्लू पाळले. वर्षभराने त्याला जर्मनीत नोकरी लागली आणि एका फाल्गुनात तो मोटारीतून आमच्या दारात उतरला. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात साखळी. साखळीच्या टोकाला लांबट तोंडाची, केशरी-तपकिरी अंगाची, पांढऱ्या गळपट्टीची आणि चारी पाय पांढरे असलेली एक देखणी कुत्री. तिचे नाव केशर.

"आई, सहा महिन्यांचाच प्रश्न आहे," चिरंजीव म्हणाले.

"सहा महिने म्हणजे किती वर्षे, तेवढे सांगून जा," आमच्या सौ. म्हणाल्या. ह्या गोष्टीला आता तीन वर्षे होऊन गेली.

आमचा धाराशिव जिल्हा (२०२३ सालापर्यंत त्याला आपण उस्मानाबाद म्हणत होतो) जनावरांच्या बाबतीत नावाजलेला आहे तो काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्यांसाठी. कॉली येथे कोणी पाहिलेली नव्हती. पहिले आठ दिवस गल्लीतली मंडळी मुद्दाम येऊन बघून जात. कोणी म्हणे, हे कोल्ह्याचे पिल्लू. कोणी म्हणे, हा सिनेमातला कुत्रा. दुसरे म्हणणे अगदीच चूक नव्हते. एरिक नाइट ह्या लेखकाची लॅसी नावाच्या कॉलीवरची कादंबरी १९४० साली निघाली, १९४३ साली तिच्यावर चित्रपट आला आणि ही जात जगभर घराघरात पोहोचली. गंमत अशी, की पडद्यावरची ती लॅसीबाई प्रत्यक्षात पाल नावाचा कुत्रा होता!

परंतु सिनेमाच्या कितीतरी आधीपासून ह्या जातीचा धंदा एकच, मेंढ्या राखणे. स्कॉटलंड आणि इंग्लंडचा उत्तर भाग येथील थंड, ओल्या डोंगरांवर हे कुत्रे मेंढपाळांबरोबर राबत. १८६० नंतरच्या काळात व्हिक्टोरिया राणीला बाल्मोरलच्या वाड्यात त्यांची आवड लागली आणि मेंढपाळाची ही लेक एकदम राजवाड्यात गेली. राजवाड्यात गेली, तरी रक्त मेंढपाळाचेच राहिले. कॉलीचा स्वभाव समजून घ्यायचा, तर एवढी एक गोष्ट मनात पक्की धरावी. तिचे सगळे गुण त्यातून आले आहेत आणि तुमची सगळी पंचाईतही त्यातूनच व्हायची आहे.

मी शिक्षकी पेशातून निवृत्त झालेला. संध्याकाळी गल्लीतली दहा-बारा मुले आमच्या ओसरीवर अभ्यासाला बसतात. केशर आली आणि तिसऱ्या दिवसापासून तिने ह्या शाळेचा ताबा घेतला. मुले जमू लागली, की ती त्यांच्याभोवती एक सावकाश फेरी मारी. कोणी उठून अंगणाच्या फाटकाकडे निघाला, की ही आडवी. गुरगुरणे नाही, दात दाखवणे नाही. फक्त नाकाने पोटरीला हलकेच ढुशी, आणि तो परत ओसरीवर येईपर्यंत पिच्छा सोडायचा नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत जी हजेरी मला साधली नाही, ती तिने आठ दिवसांत साधली.

मुलांच्या बाबतीत कॉलीइतका सोशिक कुत्रा विरळा. माझी नात तिच्या पाठीवर डोके ठेवून पाढे म्हणते. मात्र मुले पळू लागली, की तिच्यातला मेंढपाळ जागा होतो आणि ती त्यांच्या टाचांना तोंड लावू पाहते. चावा नसतो, पण लहान मूल घाबरते. म्हणून पहिल्या महिन्यातच "थांब" हा शब्द शिकवावा आणि मुलांनाही तिच्यासमोर आरडाओरडा करीत धावू नये, हे शिकवावे. फटफटी दिसली, की भुंकत मागे धावण्याची खोडही ह्याच रक्तातली. साखळीशिवाय तिला रस्त्यावर नेऊ नये.

दुसरी गोष्ट, हिचे मन फार हळवे. एकदा पायपुसणे फाडले म्हणून मी शाळेतल्या आवाजात तिला रागे भरलो. ती कोपऱ्यात जाऊन बसली ती संध्याकाळच्या भाकरीला शिवली नाही. मेंढपाळाच्या लांबवरच्या शिट्टीवर वागणाऱ्या जातीला कानाशी ओरडण्याची गरजच नसते. हळू आवाजात सांगावे, एकदाच सांगावे, आणि ऐकले तर गुळाच्या शब्दाने शाबासकी द्यावी. मारझोड करणाऱ्या घराने कॉलीच्या वाटेला जाऊ नये. तसेच दिवसभर कुलूप लावून जाणाऱ्यांनीही. राखायला कोणी नसले, की ती भुंकून भुंकून शेजाऱ्यांशी तुमचे वैर करून देईल.

आता हवेचे. कॉलीच्या अंगावर दुहेरी केस असतात. वर लांब, राठ, आणि खाली मऊ, दाट लोकर. स्कॉटलंडच्या पावसाला ते ठीक. आमच्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळीसच्या वर जातो. पहिल्या उन्हाळ्यात तिची धाप पाहून माझा जीव वरखाली होई.

तेव्हाच धनगरमामांची गाठ पडली. हातलादेवीच्या डोंगराकडे आमचा थोडा जमिनीचा तुकडा आहे. पिके निघाली, की रानात मेंढरे बसवायची, म्हणजे खताची सोय होते, ही आमच्याकडची जुनी रीत. मामांचा कळप दरसाल आमच्या रानात दोन-चार रात्री बसतो. त्यांनी केशरला एकवार न्याहाळले आणि म्हणाले, "गुरुजी, हिची लोकर कातरून टाका. मेंढरं न्हाई का आपन कातरत?"

मला ते अगदी पटले. मी कातरी शोधू लागलो. दैवाने गावातल्या पशुवैद्य डॉक्टरांना आधी विचारले, म्हणून अनर्थ टळला. ते म्हणाले, "गुरुजी, घराचे छप्पर काढले तर घर थंड होते काय?" तो केसांचा थर ऊन अडवतो. सरसकट काढला, तर ऊन थेट कातडीला लागते, आणि पुन्हा येणारे केस पहिल्यासारखे येतीलच असे नाही. करायचे ते निराळे. आठवड्यातून दोनदा, आणि केस गळण्याच्या दिवसांत रोज, कातडीपर्यंत पोहोचेल असा दातेरी ब्रश फिरवावा. मेलेली लोकर निघाली, की वारा आत खेळतो. कानामागे, काखेत आणि मांड्यांमागे गाठी होतात. तेथे विशेष लक्ष द्यावे.

उन्हाळ्यात आमचा क्रम असा. पहाटे उजाडायच्या आत एक फेरी, रात्री जेवणानंतर दुसरी. निघण्यापूर्वी पालथा हात रस्त्यावर ठेवून पाहायचा. आपल्याला सोसवत नसेल, तर तिच्या पायांनाही सोसणार नाही. दुपारी शहाबादी फरशीवर ओले गोणपाट, पंखा, आणि दोन ठिकाणी माठातले पाणी. धाप थांबेना, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या किंवा पाय लटपटू लागले, तर ती उष्माघाताची खूण. तत्काळ सावलीत घेऊन अंगावर साधे गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा. उष्माघातात घरच्या उपचारावर विसंबून वेळ दवडू नये.

हे सारे शिकत पहिला उन्हाळा सुखरूप पार पडला. मला वाटले, आपल्याला कॉली कळली.

पाऊस झाला, गवत वाढले आणि गोचिडांनी डोके वर काढले. त्या दाट केसांत गोचीड शिरला, की सापडत नाही. सुगी झाली आणि मामांचा कळप रानात उतरला, त्या दिवशी मी केशरला बरोबर नेले. तिने जन्मात मेंढरू पाहिलेले नव्हते. ती क्षणभर थबकली, मान खाली घातली आणि कोणी न शिकवता कळपाभोवती लांबून अर्धवर्तुळात चालू लागली. बाजूला चरणारी पाच-सहा मेंढरे मुकाट्याने कळपाला येऊन मिळाली. मामांची दोन गावठी कुत्री उभी राहून पाहत होती. आपल्याकडे मेंढरे हाकण्याचे काम धनगराच्या हाळीचे आणि काठीचे. कुत्र्याचे काम रात्री लांडग्यापासून राखण्याचे. हा नवा प्रकार त्यांना नि मामांना सारखाच नवलाचा.

"हिला मेंढरं कळत्यात, गुरुजी," मामा म्हणाले. मग तिच्या मानेवरून हात फिरवून म्हणाले, "पर गोचीड लई झाल्यात की. माज्याकडं औषिद हाय. मेंढरांस्नी देतो, कुत्र्यांस्नीबी देतो. चार दिसांत समदं साफ."

त्यांची दोन्ही कुत्री तुकतुकीत होती. मामांचा अनुभव चाळीस वर्षांचा. मी बाटली घेतली, घरी येऊन अंदाजाने औषध भाकरीत कुस्करले आणि केशरला घातले. लोकर कातरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणारा मी, औषध देताना मात्र विचारले नाही.

रात्री दहाच्या सुमारास ती भिंतीला धडकली. डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या, पण समोरचे दिसत नव्हते. तोंडातून लाळ, अंगाला कंप. पहाटेपर्यंत तिची शुद्ध हरपली.

डॉक्टरांनी बाटली पाहिली, केशरचे पांढरे पाय पाहिले आणि खुर्चीवर बसले. बाटलीत आयव्हरमेक्टिन होते. हे औषध वाईट नव्हे. उलट माणसांचे आणि जनावरांचे एवढे भले करणारी औषधे थोडी. ते शोधणाऱ्या सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल ह्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मेंढीला ते किलोमागे २०० मायक्रोग्रॅम दिले जाते, ती मजेत चरते. मामांच्या कुत्र्यांनाही ते बाधले नव्हते. पण कॉलीची गोष्ट वेगळी, हे १९८० नंतर लगेचच पशुवैद्यांच्या ध्यानात आले होते. तिचे कारण २००१ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात सापडले.

डॉक्टरांनी मला ते असे समजावले. रक्तातले नको ते पदार्थ मेंदूत शिरू नयेत, म्हणून मेंदूच्या दाराशी निसर्गाने एक पहारेकरी ठेवलेला असतो. आत शिरू पाहणारे औषध तो परत रक्तात ढकलतो. हा पहारेकरी घडवणाऱ्या जनुकाला एमडीआर-वन म्हणतात. दहांपैकी सुमारे सात कॉलींमध्ये हे सदोष जनुक आईकडून, बापाकडून किंवा दोघांकडून आलेले असते. दोघांकडून आले, तर दारावर कोणीच नाही. अशा कुत्र्याला किलोमागे १०० मायक्रोग्रॅमही विष होऊ शकते. साऱ्या कळपावर पहारा करणारी ही जात, आणि तिच्या स्वतःच्या दाराला पहारेकरी नाही!

ह्या विषाला खात्रीचा उतारा नाही. शरीर ते हळूहळू बाहेर टाकते, तोवर जनावर जगवत ठेवायचे, एवढेच हाती असते. सलाइन लावले. पापणी मिटत नव्हती, म्हणून डोळ्यांत थेंब घालायचे. अंगाला जखमा पडू नयेत, म्हणून दर तीन-चार तासांनी कूस बदलायची. आमची ओसरी दवाखाना झाली. सौ. आणि मी पाळीपाळीने जागत होतो. अभ्यासाची मुले फाटकाशी येऊन, न बोलता उभी राहून परत जात. चिरंजीवांचा जर्मनीहून रोज फोन येई. "बाबा, कशी आहे?" मी म्हणे, "आहे." त्यापुढे आम्हा दोघांनाही शब्द सापडत नसत.

मामा रोज चार कोस चालून येत आणि उंबऱ्याबाहेर बसून राहत. "गुरुजी, माज्या हातानं झालं," एवढेच म्हणत. मी त्यांना सांगितले, "मामा, तुम्ही चांगल्या मनाने दिलेत. विचारायचे काम माझे होते." एके दिवशी त्यांनी अणदूरच्या खंडोबाचा भंडारा आणला आणि तिच्या कपाळाला लावला. खंडोबा त्यांचे दैवत, आणि त्या दैवताच्या घोड्यासोबत कुत्रा असतोच. मी शास्त्राचा शिक्षक. पण त्या दिवशी मी तो भंडारा पुसला नाही.

सहाव्या दिवशी संध्याकाळी कोणा मुलाने फाटकाची कडी वाजवली आणि केशरचा कान हलला. अकराव्या दिवशी ती उभी राहिली, दोन पावले टाकून कोसळली, पुन्हा उठली. महिन्याने तिने ओसरीभोवती पहिली फेरी मारली. सगळ्याच कॉली अशा वाचत नाहीत. आमचे नशीब.

म्हणून वाचकहो, कॉली पाळणाऱ्यांनी ही गोष्ट दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावी. मेंढ्या-गुरांचे औषध तिला कधीही देऊ नये आणि जेथे मेंढ्यांना नुकते औषध दिले असेल, तेथे लेंड्यांना तोंड लावू देऊ नये. त्यांतूनही हे औषध पोटात जाते. जुलाब झाले, म्हणून आपल्या कपाटातली लोपेरामाइडची गोळी देऊ नये. तीही ह्याच उघड्या दारातून मेंदूत शिरते. शस्त्रक्रियेपूर्वी, भूल देण्यापूर्वी, "ही कॉली आहे" हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरून ह्या जनुकाची तपासणी होते. पिल्लू घेण्यापूर्वी आईबापांची अशी तपासणी झाली आहे काय, ते विचारावे. पिल्लाचे डोळेही सहा ते आठ आठवड्यांचे असताना तपासून घ्यावेत, कारण ह्या जातीत डोळ्यांच्या पडद्याचा एक जन्मजात दोष आढळतो. गोचिडांसाठी डॉक्टर सांगतील तेच औषध, आणि रोज रात्री दहा मिनिटे बोटांनी केस उलगडून शोध: कानात, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली. गोचीडतापाने कुत्रे पाहता पाहता खंगते. रेबीजची लस दरवर्षी, ती कोणत्याही कुत्र्याला चुकवायची नाही.

आणि दिवाळीपुरते दोन शब्द. फराळाचे ताट तिच्या तोंडापासून दूर ठेवावे. लाडवावरचा बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतो. चॉकलेट आणि कांदाही वर्ज्य. फटाक्यांच्या वेळी तिला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, घरच्या कोणाच्या तरी सोबतीने ठेवावे. केशर आमच्या पलंगाखाली जाते आणि सौ. पलंगावर बसून तिला ऐकू जाईल अशा आवाजात स्वयंपाकाच्या गोष्टी सांगतात.

आता मूळ प्रश्न. घ्यावी काय? घरात सदा कोणीतरी असेल, उन्हाळ्यात गारव्याची सोय असेल, बारा-चौदा वर्षे रोज ब्रश फिरवण्याची आणि पहाटे उठण्याची तयारी असेल आणि जवळ जाणता पशुवैद्य असेल, तर घ्यावी. असा सोबती मिळायचा नाही. ह्यांतले एक जरी नसेल, तर मुलांना समजावून सांगावे आणि एखादे गावठी पिल्लू आणावे. मामांच्या कुत्रीला गेल्या हिवाळ्यात पिल्ले झाली. त्यांतले एक आमच्या शेजाऱ्यांकडे आहे. आमच्या उन्हाला ते जन्मतःच जाणते, आणि मायेत तसूभर कमी नाही.

वसुबारसेला सौ. शेजारच्या गाईला ओवाळतात. गेल्या वर्षी परत येताना त्यांनी तबकातले कुंकू केशरच्या कपाळालाही लावले. संध्याकाळी मुले जमली, केशरने फेरी मारली, सगळे आहेत असे पाहिले, आणि मग रोजच्यासारखी फाटकाशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसली. तीन वर्षे हा नेम चुकलेला नाही. तिच्या हिशेबात एक मेंढरू अजून घरी यायचे आहे. सौ. आतून म्हणाल्या, "बसू द्या तिला. मीही बघतेच आहे."